प्लिकारे : एका लॅटिन क्रियापदाचे आगमन आणि प्रस्थान

१

लॅटिनपासून उद्भवलेल्या भाषांचा तौलनिक अभ्यास शिकवताना प्लिकारे ह्या क्रियापदाचे उदाहरण हटकून दिले जाते. लॅटिनमध्ये ह्या क्रियापदाचा अर्थ 'घडी घालणे, दुमडणे, गुंडाळणे' असा आहे. ह्याच मुळापासून स्पॅनिशमध्ये ल्येगार व पोर्तुगीजमध्ये चेगार ही क्रियापदे आली. दोहोंचा अर्थ 'येऊन पोहोचणे' असा होतो. रुमानियनमध्ये त्याच मुळापासून प्लेका हे क्रियापद आले, आणि त्याचा अर्थ मात्र 'निघणे, निघून जाणे' असा आहे. रोमन साम्राज्याच्या पश्चिम टोकास ज्या शब्दाने माणूस येतो, त्याच शब्दाने पूर्व टोकास तो जातो. इटालियन प्येगारे आणि फ्रेंच प्लिए ह्या क्रियापदांनी तेवढी 'दुमडणे, वाकवणे' ही जुनी अर्थमर्यादा सोडली नाही.

हा विरोध इतका नेटका आहे की त्याचे स्पष्टीकरणही तितकेच नेटके असावे, अशी अपेक्षा आपोआप उत्पन्न होते, आणि तसे स्पष्टीकरण प्रचलितही आहे. ते असे : इबेरियाचे लोक दर्यावर्दी होते, जहाज बंदरात शिरले म्हणजे शिडे गुंडाळावयाची, म्हणून 'गुंडाळणे' म्हणजे 'पोहोचणे' झाले. डेसियातील रोमन लोक सैनिक होते. छावणी हलवावयाची म्हणजे तंबूंची घडी घालावयाची, म्हणून 'घडी घालणे' म्हणजे 'निघणे' झाले. विद्यार्थ्याला हे एकदा सांगितले की तो ते विसरत नाही. अध्यापनाच्या दृष्टीने हा गुण मोठा आहे. परंतु लक्षात राहणे आणि सिद्ध होणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात ह्या स्पष्टीकरणाच्या दोन्ही अर्ध्या भागांची स्वतंत्रपणे तपासणी करावयाची आहे, आणि त्या तपासणीतून अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासात पुरावा कशाला म्हणावे ह्या प्रश्नाकडे वळावयाचे आहे. मराठीच्या व्युत्पत्तिविचारालाही हा प्रश्न तितकाच लागू आहे.

(परभाषांतील रूपे येथे देवनागरीत साधारणपणे त्यांच्या लेखनास अनुसरून दिली आहेत. उच्चाराचा मुद्दा जेथे महत्त्वाचा आहे तेथे तसा उल्लेख केला आहे.)

२

अर्थाच्या प्रश्नास हात घालण्यापूर्वी ही सर्व क्रियापदे खरोखरच एका मुळाची आहेत हे पाहिले पाहिजे. शब्द निराळे ठरले तर अर्थविरोधाचा प्रश्नच उरत नाही. सुदैवाने ह्या बाबतीत ध्वनींची साक्ष स्वच्छ आहे.

शब्दारंभीचा 'प्ल्' हा संयोग फ्रेंच, कॅटलान व रुमानियन ह्या भाषांत टिकून राहिला. इटालियनमध्ये त्याचा 'प्य्' झाला. स्पॅनिशमध्ये तालव्य 'ल्य्' झाला. पोर्तुगीजमध्ये 'च्' झाला. 'भरलेला' ह्या अर्थाचे लॅटिन प्लेनुस हे विशेषण घेतले तर रुमानियन प्लिन, फ्रेंच प्लें, इटालियन प्येनो, स्पॅनिश ल्येनो, पोर्तुगीज चेयु अशी हीच मालिका मिळते. 'पाऊस' ह्या अर्थाच्या प्लुविया ह्या नामाची स्पॅनिश ल्युविया व पोर्तुगीज चुवा ही रूपेही तिला दुजोरा देतात. शब्दमध्यातील स्वरांतर्गत 'क' रुमानियनमध्ये टिकला, इबेरियात त्याचा 'ग' झाला, फ्रेंचमध्ये तो लोप पावला. आघातयुक्त ऱ्हस्व 'इ' चा 'ए' होणे हे तर ह्या भाषांच्या फार मोठ्या भागात नियमितपणे घडलेले आहे. तेव्हा ल्येगार, चेगार, प्येगारे, प्लेका ही चारही रूपे प्लिकारे ह्या एकाच मुळापासून प्रत्येक भाषेच्या नियमांनुसार आली आहेत ह्याविषयी शंका घेण्यास जागा नाही.

मराठी वाचकास ह्या नियमांची ओळख करून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. लॅटिनमध्ये किल्लीला क्लाविस असा शब्द आहे. 'क्ल्' ह्या संयोगाची पोर्तुगीजमध्ये 'प्ल्' प्रमाणेच वाट लागली आणि चावे हे रूप सिद्ध झाले. आपली चावी ही तीच होय. आजच्या प्रमाण पोर्तुगीजमध्ये ह्या आद्य वर्णाचा उच्चार 'श' सारखा होतो. मराठीने मात्र 'च' घेतला, कारण शब्द आपल्याकडे आला तेव्हा पोर्तुगीजांच्या तोंडी जुना स्पर्शसंघर्षी उच्चार अद्याप होता. त्याचप्रमाणे लॅटिन पाकारे ('शांत करणे', पुढे 'देणेकऱ्याने धनकोचे समाधान करणे') ह्यापासून पोर्तुगीज पागार ('पैसे चुकते करणे') आले, आणि त्यावरून आपला पगार आला. चेगार ह्या क्रियापदात जी दोन मुख्य ध्वनिपरिवर्तने आहेत, त्यांपैकी पहिल्याची साक्ष चावीत व दुसऱ्याची पगारात आपण रोज उच्चारीत असतो. गोव्याचे विद्वान सेबॅस्टियाँव रोदोल्फ दालगादो ह्यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा जो कोश १९१३ मध्ये प्रसिद्ध केला, तो अशा साक्षींचे भांडारच होय.

स्पॅनिशमध्ये ल्येगारच्या जोडीला प्लेगार ('घडी घालणे') हेही क्रियापद आहे, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. त्यात 'प्ल्' अविकृत राहिला आहे. ते ग्रांथिक वळणाचे रूप आहे. एकाच मुळाची दोन रूपे निर्माण झाली आणि 'घडी' हा अर्थ दुसऱ्या रूपाकडे गेला, ह्याचा अर्थ असा की पहिल्या रूपातून तो अर्थ पुसला गेला होता. बोलणाऱ्यास ल्येगारमध्ये घडीचा मागमूसही दिसत नव्हता. फ्रेंचमध्येही प्लिए ('घडी घालणे') व प्लवाये ('वाकवणे, वाकणे') अशी जोडी आहे; परंतु तेथे दोन्ही रूपे मूळ अर्थाच्या परिघातच राहिली.

३

आता पहिल्या अर्ध्याकडे वळू. शिडे गुंडाळण्याची कल्पना प्रथम बाजूस सारली पाहिजे. 'पोहोचणे' ह्या अर्थाच्या वाटेवर लॅटिन लेखकांच्या वापरातून जो पुरावा मिळतो तो प्लिकारेचा नसून आप्लिकारे ह्या उपसर्गयुक्त क्रियापदाचा आहे. आद् म्हणजे 'कडे'. आप्लिकारे म्हणजे 'एका वस्तूस दुसरीच्या अगदी जवळ आणणे, लावणे, भिडवणे'. सीझर आणि लिव्ही ह्यांच्या लेखनात जहाज जमिनीस लावणे ह्या अर्थी हे क्रियापद येते. येथे दुमडले जाते असे काही नाही. जहाज किनाऱ्यास चिकटते एवढाच भाव आहे. आपण मराठीत 'गलबत धक्क्याला लागले' असे म्हणतो, त्याची ती बरोबर प्रतिकृती आहे.

तेव्हा दर्यावर्दी स्पष्टीकरणाची सुधारलेली आवृत्ती अशी होईल : 'जहाज किनाऱ्यास लावणे' ह्या प्रयोगातील जहाज हे कर्म अध्याहृत झाले, आणि उरलेल्या क्रियापदास 'पोहोचणे' हा अर्थ आला. हे शक्य आहे. फ्रेंच आरिवे, इटालियन आरिव्हारे, कॅटलान आरिबार ही 'पोहोचणे' ह्या अर्थाची क्रियापदे आद् आणि रीपा ('काठ, तीर') ह्यांवरून बनलेली आहेत. त्यांत तीर उघडपणे दिसतो. म्हणजे जलप्रवासाच्या परिभाषेतून सर्वसामान्य 'आगमन' सिद्ध होऊ शकते, ह्यास आधार आहे.

परंतु जे शक्य आहे ते घडलेच, असे म्हणण्यापूर्वी दोन साक्षी ऐकल्या पाहिजेत.

पहिली साक्ष एजेरिया नावाच्या यात्रेकरू स्त्रीच्या प्रवासवृत्ताची आहे. तिची पवित्र भूमीची यात्रा सामान्यतः इ. स. ३८१ ते ३८४ ह्या काळातील मानली जाते. ती गॅलिसियाची की दक्षिण गॉलची ह्याविषयी मतभेद आहे. पण ती पश्चिमेकडील होती हे निश्चित. तिच्या वृत्ताची ११ व्या शतकातील हस्तलिखित प्रत गामुर्रिनी ह्यांना १८८४ मध्ये आरेत्सो येथे सापडली. ही बाई सुशिक्षित आहे, परंतु सिसेरोचे लॅटिन लिहिण्याचा आव आणीत नाही. म्हणूनच तिचा ग्रंथ लोकभाषेच्या अभ्यासकास अमोल वाटतो. तिच्या लेखनात प्लिकारे हे क्रियापद, उपसर्गाविना आणि बहुधा आत्मवाचक सर्वनामासह, 'जवळ येणे, समीप जाणे' ह्या अर्थी येते. आणि ती समीप जाते ती पर्वताच्या. जहाज नाही, शीड नाही, किनारा नाही. सिनाईच्या वाळवंटातून चालत, स्वारीवर बसत गेलेली ही मंडळी आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीसच हे क्रियापद भूमीवरील प्रवासास सहज लागू होत होते.

दुसरी साक्ष इबेरियाच्या भाषांचीच आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये ल्येगार हे क्रियापद सकर्मकही होते, आणि तेव्हा त्याचा अर्थ 'जवळ आणणे, गोळा करणे' असा होई. पोर्तुगीजमध्ये चेगार आजही सकर्मक वापरता येते : खुर्ची मेजाकडे ओढून घेणे ह्यास तेच क्रियापद चालते. आत्मवाचक रूपाने 'जवळ सरकणे' हा अर्थ दोन्ही भाषांत व्यक्त होतो. कॅटलानमध्ये आप्लेगार म्हणजे 'गोळा करणे', आणि वालेन्सियाच्या बोलीत तेच 'पोहोचणे'. खुर्ची, माणसे, धान्य, ह्यांपैकी कशालाही सागराची गरज नाही. 'जवळ आणणे', 'स्वतःस जवळ आणणे', 'पोहोचणे' ही साखळी सलग आहे आणि तिचा प्रत्येक दुवा प्रत्यक्ष प्रयोगात सापडतो.

सिसेरोच्या काळीही आप्लिकारे हे केवळ नाविकांचे क्रियापद नव्हते. एखाद्या गुरूशी किंवा विद्येशी स्वतःस जोडून घेणे ह्या अर्थीही ते येते. म्हणजे जहाज हा त्या क्रियापदाच्या अनेक विषयांपैकी एक विषय होता. होआन कोरोमिनास ह्यांच्या स्पॅनिश व्युत्पत्तिकोशात (१९५४–१९५७) ल्येगारचा संबंध आप्लिकारेतील 'जवळ आणणे' ह्या अर्थाशी जोडला आहे, तो ह्याच कारणाने ग्राह्य वाटतो. नाविकांच्या वापराने ह्या अर्थास बळ दिले असेल. पण तो अर्थ त्यांच्या वापरावाचून उभा राहिला नसता असे म्हणण्यास आधार नाही.

ह्याला एक बाह्य आधारही देता येतो. लॅटिन युंगेरे म्हणजे 'जोडणे'. त्यापासून इटालियन जुंजेरे आले. त्याचा एक अर्थ 'जोडणे' आणि दुसरा, अधिक रूढ, अर्थ 'पोहोचणे'. आद् उपसर्गासह आद्युंगेरे ह्यापासून रुमानियन आजुंजे आले, तेही 'पोहोचणे'. 'भिडणे' वरून 'पोहोचणे' हे संक्रमण ह्या भाषांच्या अंगवळणीच पडलेले होते. ज्या रुमानियनमध्ये प्लिकारेस 'निघणे' असा अर्थ आला, त्याच भाषेत पोहोचण्यासाठी आजुंजेची योजना झाली होती, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. एका जागी दुसरा शब्द बसलेला असला म्हणजे नव्या शब्दाला अन्यत्र वळावे लागते.

४

दुसरा अर्धा, म्हणजे तंबूंची गोष्ट, अधिक आकर्षक आहे, आणि मराठी वाचकाला ती विशेष पटण्यासारखी आहे. 'गाशा गुंडाळणे' हा वाक्प्रचार आपल्याकडे आहेच. गाशा म्हणजे खोगिरावरील आच्छादन. ते गुंडाळले की स्वार निघाला. 'डेरेदाखल होणे' म्हणजे मुक्कामास पोहोचणे. छावणीच्या सामानावरून आगमन-प्रस्थान सूचित करण्याची लकब आपल्या भाषेत मराठेशाहीच्या बखरींपासून आजच्या वृत्तपत्रांपर्यंत चालत आली आहे. तेव्हा रोमन शिपायाने तंबूंच्या घडीवरून 'निघणे' हा अर्थ काढला असेल ह्यात असंभाव्य काहीच नाही.

तथापि 'गाशा गुंडाळणे' ह्याच उदाहरणाची नीट चिकित्सा केली तर ते ह्या मताचा आधार होण्याऐवजी त्याच्यापुढील अडचण दाखवते. आपल्याकडे 'गुंडाळणे' ह्या एकट्या क्रियापदास 'निघणे' हा अर्थ आलेला नाही. 'त्याने गाशा गुंडाळला' ह्यातून तो गेला हे कळते. 'त्याने गुंडाळले' ह्यातून ते कळत नाही. संपूर्ण वाक्प्रचाराचा अर्थ एकट्या क्रियापदात उतरण्यासाठी कर्माचा लोप व्हावा लागतो, आणि तो लोप कोठेतरी दिसावा लागतो. म्हणजे तंबूंचे मत सिद्ध करण्यास दोन पुरावे हवेत : प्रथम, लॅटिन सैनिक तंबू आवरण्यास प्लिकारे हे क्रियापद वापरीत होते, नंतर, तंबूंचा उल्लेख गाळून तेच क्रियापद 'छावणी हलवणे' ह्या अर्थी वापरीत होते.

पैकी पहिल्या पुराव्याची स्थिती समाधानकारक नाही. लॅटिन गद्यात छावणी हलवण्यास कास्त्रा मोवेरे ('छावणी हलवणे') आणि वासा कोल्लिगेरे ('भांडीकुंडी गोळा करणे') हे प्रस्थापित प्रयोग आहेत. तंबू उतरवण्यास सीझर देतेन्देरे हे क्रियापद वापरतो. त्याचा अर्थ 'ताणलेले सैल करणे'. तंबू हा ताणून उभा करावयाचा असतो, म्हणून तो उतरवणे म्हणजे ताण काढणे. घडी ही त्यानंतरची बाब. कर्मलोपाचे म्हणाल तर तोही लॅटिनमध्ये घडलेला आहे, पण तो मोवेरे ह्या क्रियापदाच्या बाबतीत : लिव्हीच्या लेखनात छावणीचा उल्लेख न करता केवळ मोवेरे 'कूच करणे' ह्या अर्थी येते. ज्या क्रियापदाविषयी वाद आहे त्याच्या बाबतीत मात्र हा पुरावा उभा करता आलेला नाही.

न्याय्य बुद्धीने ह्याच्या विरुद्ध बाजूचीही एक साक्ष नोंदवली पाहिजे, आणि ती बळकट आहे. कॅटलानमध्ये प्लेगार म्हणजे 'घडी घालणे', आणि तेच क्रियापद, कर्मावाचून, 'दिवसाचे काम आटोपणे, कामावरून सुटणे' ह्या अर्थी सर्रास वापरतात. येथे आवराआवर करण्यावरून काम संपवण्याचा अर्थ आला आणि आवरावयाची वस्तू वाक्यातून नाहीशी झाली. प्लिकारेच्या वंशातच असा कर्मलोप घडू शकतो हे ह्यावरून दिसते. म्हणून तंबूंचे मत अशक्य ठरत नाही. त्याला शक्यतेचा आधार आहे, प्रमाणाचा नाही.

ह्याहून अधिक साधा मार्ग रुमानियन भाषेतच उपलब्ध आहे. प्लेका ह्याचा 'निघणे' हा एकच अर्थ नाही. 'वाकवणे, झुकवणे' हा जुना अर्थही त्याने राखला आहे. मस्तक लववणे ह्यास तेच क्रियापद चालते, आणि त्यावरून साधलेल्या प्लेकाचुने ह्या नामाचा अर्थ 'लवून केलेला नमस्कार' असा आहे. आप्लेका म्हणजे 'कलणे, झुकणे'. म्हणजे रुमानियन बोलणाऱ्याच्या मनात हे क्रियापद 'घडी' शी नव्हे तर 'कल' शी बांधलेले राहिले. एखाद्या दिशेस कलणे, तिकडे वळणे, तिकडे निघणे ही पायरी अवघड नाही. मराठीत 'पावले घराकडे वळली' ह्याचा अर्थ माणूस घराकडे निघाला असाच होतो. एजेरियाच्या आत्मवाचक प्रयोगातही 'स्वतःस त्या दिशेस वळवून जवळ जाणे' हाच भाव पाहता येतो. प्रवासाचा रोख ठरवणे ह्या मधल्या अर्थातून दोन वाटा फुटतात : रोखाच्या शेवटाकडे लक्ष दिले की 'पोहोचणे', आरंभाकडे दिले की 'निघणे'.

हे अनुमान आहे, आणि अनुमान म्हणूनच ते मांडावयाचे आहे. रुमानियनमधील सर्वांत जुने उपलब्ध दिनांकित पत्र १५२१ चे आहे. लॅटिन आणि त्या पत्राच्या मधल्या हजारांहून अधिक वर्षांत शब्दार्थाने कोणती पावले टाकली हे प्रत्यक्ष पाहण्याची सोय नाही. परंतु दोन अनुमानांत निवड करावयाची झाल्यास, ज्याचा मधला दुवा भाषेत आजही जिवंत आहे ते अनुमान, ज्याचा मधला दुवा कल्पनेने पुरवावा लागतो त्या अनुमानाहून श्रेयस्कर मानले पाहिजे. ह्या न्यायाने 'कलणे' चे पारडे तंबूंच्या पारड्याहून जड आहे.

५

दोन्ही अर्ध्यांची अशी तपासणी झाल्यावर त्या दोहोंना जोडणाऱ्या सूत्राचे काय राहते ? 'पश्चिमेस नाविक, पूर्वेस सैनिक' हे ते सूत्र. इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही. इबेरियात सैनिकांची वाण नव्हती. लेऑन ह्या नगराचे नावच लेगिओ, म्हणजे सैन्याची पलटण, ह्या लॅटिन शब्दावरून आले आहे. सातवी पलटण तेथे दीर्घकाळ तळ देऊन होती. ज्या कास्तीलच्या बोलीतून प्रमाण स्पॅनिश उदयास आली, तो प्रदेश मूळचा अंतर्देशीय आहे. उलट डेसिया हा प्रांत ट्रेजनने इ. स. १०६ मध्ये जिंकला आणि ऑरेलियनच्या काळी, सुमारे २७१ च्या सुमारास, रोमने सोडला. तेथे पलटणी होत्या हे खरे, पण वसाहतवाले, खाणकामगार व व्यापारीही होते. एका शब्दाच्या अर्थावरून संपूर्ण समाजाचा व्यवसाय ठरवणे आणि मग त्या व्यवसायावरून त्या शब्दाचा अर्थ सिद्ध करणे हा तर्कशास्त्रातील अन्योन्याश्रय दोषच होय.

ह्या सूत्राचा खरा दोष मात्र याहून खोल आहे. त्यात असे गृहीत धरले आहे की 'येणे' आणि 'जाणे' हे विरुद्ध अर्थ असल्यामुळे त्यांची कारणेही विरुद्ध असली पाहिजेत. भाषेचा व्यवहार असा चालत नाही. मराठीतील लागणे ह्या क्रियापदाकडे पाहावे. संस्कृत लग्न, प्राकृत लग्ग ह्या परंपरेने आलेल्या ह्या क्रियापदाचा मूळ भाव 'चिकटणे, भिडणे' असा आहे. 'नाव किनाऱ्याला लागली' ह्यात आगमन आहे. 'तो वाटेला लागला' ह्यात प्रस्थान आहे. क्रियापद तेच, अर्थ तोच, म्हणजे भिडण्याचा. फरक आहे तो कशास भिडले ह्याचा. किनाऱ्यास भिडला तो पोहोचला, वाटेस भिडला तो निघाला. येथे कोणी नाविक व सैनिक असे दोन समाज कल्पिलेले नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. दिशा क्रियापदात नसते. ती त्याच्या जोडीच्या पदात असते. ते पद सवयीने गळून पडले की त्याची दिशा क्रियापदाच्या अंगास चिकटून राहते. रुमानियनमध्ये 'वाटेस प्लेका' असा प्रयोग आजही रूढ आहे. तो जुन्या अवस्थेचा अवशेष आहे असे सिद्ध करता येणार नाही. परंतु प्लेकाचा मार्ग लागणेच्या मार्गासारखा असू शकतो, हे त्यावरून समजून घेता येते.

६

ह्या चर्चेतून पद्धतीविषयी जे निष्पन्न होते ते व्युत्पत्तीच्या विद्यार्थ्यास अधिक मोलाचे वाटावे.

व्युत्पत्तिशास्त्रात ध्वनींचे नियम कडक आहेत आणि अर्थांचे नियम सैल आहेत. ध्वनींत चूक केली तर ती उघडी पडते. अर्थाच्या बाबतीत एखादी चतुर गोष्ट सांगून वेळ मारून नेता येते. फ्रेंच ट्रुव्हे ('सापडणे') ह्या क्रियापदाविषयी हूगो शुखार्ट आणि आंत्वान तोमा ह्यांच्यात जो वाद झाला, तो ह्याच कारणाने उद्बोधक आहे. पाणी ढवळून मासे जाळ्याकडे हाकण्याच्या प्रथेवरून 'ढवळणे' ह्या अर्थाचे तुर्बारे हे मूळ शुखार्टने सुचवले. तोमा व गास्तों पारिस ह्यांनी ध्वनिनियमांच्या बळावर त्रोपारे ह्या कल्पित रूपाचा पक्ष घेतला. शुखार्टचे मोठेपण असे की त्याने आपली गोष्ट कोळ्यांच्या प्रत्यक्ष व्यवहाराच्या आणि बोलींच्या विपुल सामग्रीवर उभारली होती. वस्तूंचा अभ्यास केल्याविना शब्दांचा इतिहास लिहिता येत नाही, हा त्याचा आग्रह योग्यच होता. प्लिकारेची प्रचलित गोष्ट सांगणाऱ्यांनी मात्र वस्तूचे नाव तेवढे घेतले. रोमन तंबू कसा उतरवीत आणि त्या कृतीला काय म्हणत, हे विचारलेच नाही.

आपल्या परंपरेत ह्या दोषावर फार पूर्वी बोट ठेवलेले आहे. कुशल ह्या शब्दाचे उदाहरण काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. 'कुश तोडून आणणारा तो कुशल' अशी व्युत्पत्ती धरून मम्मटाने 'निपुण' हा अर्थ रूढीने आलेली लक्षणा म्हणून सांगितला. विश्वनाथाने साहित्यदर्पणात त्यास हरकत घेतली : शब्दाच्या व्युत्पत्तीचे निमित्त वेगळे, प्रवृत्तीचे निमित्त वेगळे, केवळ व्युत्पत्तीवरून मुख्यार्थ ठरवू लागलो तर निजलेल्या गाईला 'गो' म्हणणेही लाक्षणिक होईल, कारण तो शब्द गमनार्थक धातूवरून आला आहे. १४ व्या शतकातील हा विवेक प्लिकारेच्या प्रश्नास तंतोतंत लागू पडतो. ल्येगार म्हणणाऱ्या स्पॅनिश माणसाच्या मनात घडी नसते. म्हणून 'घडीपासून आगमनापर्यंत' अशी एकदम उडी मारण्यास अर्थ नाही. प्रत्येक पिढीने आपल्या आधीच्या पिढीकडून ऐकलेल्या प्रवृत्तीपासून पुढचे पाऊल टाकले, आणि अभ्यासकाने तीच पावले शोधावयाची असतात.

मराठीच्या व्युत्पत्तिविचारात ह्या दोन्ही प्रवृत्ती नांदत आल्या आहेत. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांची प्रतिभा विलक्षण होती. शब्दावरून समाजाचा इतिहास उभा करण्याची त्यांची हातोटी आजही वाचकास मोहविते. ज्यूल ब्लॉक ह्यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात दुसरा मार्ग स्वीकारला : आधी ध्वनींचे आणि रूपांचे नियम, नंतर अर्थ, आणि पुराव्याअभावी मौन. कृ. पां. कुलकर्णी ह्यांचा मराठी व्युत्पत्तिकोश (१९४६) आणि टर्नर ह्यांचा भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश (१९६२–१९६६) हे हाताशी असताना ध्वनींच्या बाबतीत आज स्वैरपणास फारसा वाव नाही. परंतु 'अमुक शब्द अमुक चालीवरून आला' अशी विधाने प्रबंधांतून अजूनही विनासंकोच येतात, आणि ती चाल ज्या काळी अस्तित्वात होती त्या काळच्या मजकुरात तो शब्द त्या अर्थाने आला आहे काय, एवढा साधा प्रश्न विचारला जात नाही.

असा प्रश्न न विचारल्यास काय होते, ह्याची कल्पना एका घरगुती उदाहरणावरून यावी. निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो. 'जातो' हे अशुभ मानतो. उद्या मराठीचे अन्य सर्व लेखन नष्ट होऊन केवळ 'निरोपाच्या वेळी येतो' एवढीच नोंद उरली, तर एखादा कल्पक अभ्यासक असे अनुमान करील की हे लोक परत फिरणारे व्यापारी असावेत, म्हणून त्यांचे जाणे म्हणजे येणेच असे. गोष्ट सुंदर होईल आणि लक्षातही राहील. ती खरी मात्र नसेल. कारण खरे कारण शिष्टाचारात आणि शुभाशुभाच्या समजुतीत आहे, आणि ते केवळ प्रयोगाच्या साक्षीनेच कळू शकते.

तेव्हा प्लिकारेविषयी निर्णय असा देता येईल. ल्येगार व चेगार ह्यांचा अर्थ 'जवळ आणणे' पासून आला, हे प्रयोगांच्या साखळीने सिद्ध आहे. जहाज हा त्या साखळीतील एक प्रवासी होय, तिचा कर्ता नव्हे. प्लेकाचा अर्थ 'कलणे, वळणे' ह्यापासून आला असणे अधिक संभाव्य आहे. तंबूंचे मत शक्य, परंतु अप्रमाणित आहे. शिडे आणि तंबू ह्यांची समोरासमोर मांडलेली जोडी पाठ्यग्रंथांतून काढून टाकावी असे सुचवावयाचे नाही. ती राहू द्यावी, परंतु तिच्यापुढे एजेरियाचे वाळवंट, पोर्तुगीज खुर्ची आणि रुमानियन नमस्कार हे तीन साक्षीदार उभे करावेत, आणि विद्यार्थ्यासच त्यांची उलटतपासणी घेऊ द्यावी.